पालखीची परवानगी

एक्स-रे बोर्डावर लावला आणि मी स्वतःवरच खूश झाले. ऑपरेशनला दहा वर्षं होत आली, तरी खुब्याच्या सांध्यातली फट जशीच्या तशी. फट आहे म्हणजे हाडांमधली गादी शाबूत आहे.

समोर पोलादपूरकडचे सदाशिव मोरे आणि त्यांच्या पत्नी बसले होते. खुब्यात मांडीच्या हाडाचा गोळा एका वाटीत फिरतो. सदाशिवरावांच्या गोळ्याच्या मानेवर जादा हाड वाढलं होतं. खाली बसलं की ते वाटीच्या कडेला घासायचं. ते मी तासून काढलं. अशा ऑपरेशननंतर काहींचा सांधा वर्षानुवर्षं टिकतो, काहींना पुढे बदलावाच लागतो. आधी छातीठोक सांगता येत नाही. म्हणून मी त्यांची पालखी बंद केली होती.

शिमग्यात त्यांच्या गावात देवाची पालखी नाचवतात. एक पुढे, एक मागे, दांडा खांद्यावर घेऊन पार उकिडवं बसेपर्यंत. खुब्याला याहून वाईट काही नाही. दर वर्षी शिमग्याआधी हे महाडला येऊन परवानगी मागायचे, मी नको म्हणायचे, आणि हे रुसलेल्या जावयासारखे निघून जायचे.

यंदा गुडघा छातीकडे दाबून, पाय आत वळवून पाहिला. दुखलं नाही.

"जा, नाचवा एक फेरी," मी म्हटलं. "फार खाली बसू नका."

वाटलं, उडीच मारतील. त्यांनी मान खाली घातली.

"कुनाबरोबर नाचवू, म्याडम?"

पत्नी हळूच म्हणाल्या, "यांचा जोडीदार गेला ना, गनपतीच्या आधी. चुलतभाव. लहानपनापासून दोघंच नाचायची. दुसऱ्याशी यांचं पाऊल जुळत नाय."

"मग परवानगी कशाला मागितलीत?"

"तुमी नाय म्हनाल म्हनून आलो," सदाशिवराव म्हणाले. "पोरं म्हनतात, काका, दांड्याला या. डाक्टर नको म्हनतात सांगितलं की कोन आग्रह करत नाय. बाळ्या नाय म्हनून पाय उचलत नाय, हे चार मानसांत कसं सांगू?"

मला भरून आलं. त्या दोघांना एकदा तरी नाचताना बघायला हवं होतं, असं फार वाटलं.

"सांगा, डॉक्टरीणबाई फार खवट आहे, यंदाही नको म्हणाली."

ते हसले. हसता हसता डोळे पुसले, आणि कठडा न धरता जिना उतरून गेले.

ऑपरेशन यशस्वी, सांधा उत्तम. सल्ला तेवढा मी धडधडीत खोटा दिला, आणि पेशंटला तोच लागू पडला.