टेक्सासचा पूर्वज, हारासकट

२००५ साली, शुगर लँडमध्ये, मी हयात असतानाच पूर्वज झालो.

लेक रेवा तेव्हा चौथीत होती. शाळेचं फर्मान आलं: टेक्सासमध्ये सुरुवातीला येऊन वसलेल्या आपल्या पूर्वजाचं चरित्र लिहा, फोटो लावा, आईबाबांना बघायला आणा. शेजारच्या मुलीचा खापरपणजोबा म्हणे बैलगाडीतून आला. आल्या आल्या गाडी नदीत बुडवली. मग लाकडाचं खोपट बांधलं, ते स्वतःच पेटवलं. असल्या धांदरटाचं यांना कोण कौतुक!

"बाबा, आपला कोण?"

"आपले पूर्वज शहाणे, ते साताऱ्यालाच राहिले. इथे आलेला पहिला गाढव मीच." (मी सरळ बोलतच नाही.)

पोरीनं ते लिहून घेतलं. "मग तू येशील ना बघायला?"

"मला मीटिंग आहे."

मीटिंग सोफ्याबरोबर होती. बायको ऑफिसच्या कामानं डॅलसला. रेवा बिचारी शेजाऱ्यांच्या गाडीतून गेली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बेल वाजली. मी बर्मुडा सावरत दार उघडलं. समोर लेलेकाकू, त्यांचा नातू रेवाच्याच शाळेत; हातात पिठलं-भाताचं पातेलं, डोळ्यांना पदर. मला बघून त्यांच्या हातून पातेलं पडता पडता राहिलं.

"अगं बाई, तुम्ही?"

"माझ्या घरात दुसरं कोण असणार काकू?"

"नाही हो, शाळेत तुमचा फोटो पाहिला... हार घातलेला. तुम्ही दोघंही तिथे नाही. मी चार घरी फोन केले."

मी ओरडलो, "रेवा, पोस्टर आण."

पोस्टरवर मी, गळ्यात चंदनाचा हार. देवघरातल्या आजोबांच्या फोटोचा.

"साताऱ्याला सगळ्या अँसेस्टर्सना असतो ना," रेवा म्हणाली.

खाली चरित्र: हा माणूस एक बॅग आणि एक कुकर घेऊन आला. पहिल्याच पावसात त्यानं गाडी पुलाखालच्या पाण्यात बुडवली. फोडणी करताना अपार्टमेंटचं किचन पेटवलं.

"टीचरनी विचारलं, हाऊ डिड ही डाय? मी म्हटलं, ही इज नॉट डेड, ही इज इन अ मीटिंग."

काकूंनी पातेलं माझ्या हातात दिलं. मला फार लाज वाटली. तेवढ्यात पुन्हा बेल वाजली. दुसरं पातेलं आलं होतं.

माझ्याच सुतकाचं पिठलं मी दोनदा वाढून घेतलं. शेजाऱ्यांच्या खापरपणजोबानंही गाडी बुडवली, घर पेटवलं. पण पूर्वज व्हायला तो निदान मेला तरी होता. मी तेवढेही कष्ट घेतले नव्हते.