उस्मानची विचारपूस

आमच्या कोंढव्यातल्या इमारतीत तळमजल्यावर उस्मान राहतो. तो सुदानहून शिकायला आला आहे. काल जिन्यापाशी त्याला एक गाववाला भेटला. दोघांनी एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारपूस सुरू झाली. त्यांच्याकडे ही उरकायची गोष्ट नाही. आई, वडील, भाऊ, आत्या, शेजारी, घर, अशी एकेकाची चौकशी होते आणि दर वेळी "देवाची कृपा" असं उत्तर येतं. हे उस्माननेच मला समजावलं होतं.

काल मात्र चटकन संपलं. मी कारण विचारलं.

"काका, आता आम्ही घराचं विचारत नाही," तो म्हणाला. "खार्तूममध्ये कुणाचं घर उरलंय, माहीत नसतं. उगाच समोरच्याला खोटं बोलावं लागतं."

सुदानचा दक्षिण भाग वेगळा झाला, मग लोकांनी रस्त्यावर बसून हुकूमशहा घालवला, लष्कराने सत्ता बळकावली आणि शेवटी दोन सेनापती आपसांतच लढू लागले. एवढं मी पेपरात वाचलं होतं. या सगळ्यात साध्या विचारपुशीतला एक प्रश्न गेला, हे पेपरवाल्यांना कोण सांगणार?

आज सकाळी उस्मान जिन्यात दिसला. "काय, घरी सगळं ठीक?" हे सवयीने ओठांवर आलं होतं. ते गिळलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "आई कशी आहे?"

"देवाची कृपा," तो म्हणाला आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघत तिथेच उभा राहिला.