चाक थांबेपर्यंत

बोलायच्या आधी अण्णा जवळच्या, पत्रा कापायच्या प्रेसचं लाल बटण दाबायचे. मोटर गप्प व्हायची, पण बाजूचं जाडजूड चाक आपल्याच वेगात फिरत राहायचं. अण्णा त्याच्याकडे बघत उभे. समोर पाळी बदलणारे कामगार, कुणी जांभई देतंय, कुणी मोबाइल चाळतंय. कुणी घाई केलीच तर तळहात वर करून म्हणायचे, "स्वल्प थांबा. चाक फिरतंय."

चाक पूर्ण थांबलं की मगच तोंड उघडायचे.

पीण्या या औद्योगिक वस्तीतल्या एका लहान कारखान्यात मी तयार मालाची तपासणी करते. अण्णा तिथले सुरक्षेचे सुपरवायझर, मूळचे निपाणीकडचे. रोज सकाळी पाच मिनिटं सुरक्षेवर बोलायचं, हे त्यांचं काम. बोलणं तेच, एकदा कन्नडात, एकदा मराठीत. "प्रेसला डोळं नसतात, तुमाला हायत." सगळ्यांना ते पाठ होतं. तुमच्याही कामाच्या जागी असं कुणीतरी असेल, ज्याचं बोलणं कुणी ऐकत नाही, पण तो आला नाही तर सकाळ झाल्यासारखं वाटत नाही.

पुढच्या रांगेत महादेवी असायची. बिदरकडची, प्रेस चालवणारी. ती मधेच विचारायची, "मुगीता, अण्णा? संपलं का? चहा आरला, गार झाला तिकडं."

"चहा परत गरम करता येतोय, महादेवी. बोट परत चिकटवता येत न्हाई."

सगळे हसायचे. महादेवी सर्वांत मोठ्यानं.

माझी शाळा इंग्रजी, घर मराठी, शेजार कन्नड. आणि चार माणसांसमोर मला यातल्या एकाही भाषेत बोलता येत नाही. एकदा ग्राहक कंपनीची माणसं आली होती आणि मालाबद्दल त्यांना मी सांगायचं होतं. मी पाण्याच्या टाकीमागे जाऊन उभी राहिले. पहिलं वाक्य आठवायला गेले की दुसरंच काही डोक्यात यायचं. स्कूटरला कुलूप लावलं का, ओढणीवर ऑइलचा डाग दिसतोय का, येलहंक्याच्या घरून येताना दुधाची पिशवी दारातच राहिली का. अण्णांनी मला तिथं पाहिलं.

"मन पळतंय व्हय, मॅडम?"

मी मान हलवली.

"पळू दे की. धरायला जाऊ नका, हात जाईल." त्यांनी मला प्रेसपाशी नेलं, बटण दाबलं. "वीज तोडली तरी चाक लगेच थांबत न्हाई. म्हणून कुणी त्यात हात घालतंय का? नुसतं बघत ऱ्हावा."

मी बघत राहिले. चाकाचे आरे आधी दिसतच नव्हते, मग धूसर दिसले, मग एकेक वेगळा झाला. त्या दिवशी मी बोलले. फार चांगलं नाही, पण पूर्ण बोलले. नंतर अण्णांनी दुरूनच विचारलं, "थांबलं?" मी म्हटलं, "थांबलं, अण्णा."

त्यानंतर काही महिन्यांनी महादेवीचा उजवा पंजा प्रेसमध्ये गेला.

त्या प्रेसपुढची, नट-बोल्टांनी घट्ट बसवलेली लोखंडी जाळी जागेवर नव्हती. जाळी असती तर हात आत जाऊच शकला नसता. म्हणून चौकशीला आलेल्या सरकारी साहेबांचा प्रश्न एकच होता, जाळी कुणी काढली? कामगारानं आपण होऊन काढली असेल तर भरपाई अडणार होती. मालकाच्या केबिनमध्ये आम्ही बसलो होतो. महादेवी पट्ट्यांनी बांधलेला हात मांडीवर धरून खुर्चीच्या कडेला टेकली होती.

अण्णांचं नाव पुकारलं गेलं. ते उठले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी पंख्याचं बटण बंद केलं. साहेब चकित होऊन वर बघायला लागले. सगळेच बघायला लागले. पाती हळू होत होत थांबली.

"जाळी तिनंच काढली हुती," अण्णा म्हणाले.

आवाज स्वच्छ होता. कुठं अडखळला नाही, कापला नाही. खरं सांगते, माझा विश्वास बसला.

महादेवी थांबलेल्या पंख्याकडेच बघत होती. ती म्हणाली, "अण्णा, माझ्याकडं पाना कुठनं आला?"

मालक म्हणाले, "उकडतंय, पंखा लावा."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी नेहमीसारखं बटण दाबलं. चाक थांबलं. अण्णा उभेच. मागून कुणीतरी म्हणालं, "अण्णा, थांबलं की."

"स्वल्प थांबा," ते म्हणाले. "फिरतंय."

तसं मग रोज होऊ लागलं. लोक थोडा वेळ वाट बघायचे आणि आपापल्या मशीनकडे जायचे. थांबलेल्या चाकासमोर अण्णा एकटे उरायचे. मी खिडकीतून बघायचे. जाऊन काय बोलायचं, ते मला सुचत नव्हतं.

एका सकाळी त्यांनी बटण दाबलंच नाही. प्रेस धाडधाड चालू होती आणि ते तिच्यावरून ओरडायला लागले. निम्मं कन्नड, निम्मं मराठी. वाक्यं तुटत होती.

"जाळी... जाळी म्या काढली. मालक म्हणालं, अर्जंट हाय, जाळीनं वेळ जातोय. पाना माझा हुता. हात... हात तिचा गेला." मग खिसे चाचपत म्हणाले, "आता सायबाकडं चाललोय. हेच सांगणार हाय."

ते गेटमधून बाहेर गेले ते परत आले नाहीत. साहेबांकडे त्यांनी नवा जबाब दिला, एवढं कळलं. फोन लागत नाही. निपाणीला गेले म्हणतात, पण पाहिलेलं कुणी नाही. महादेवीची भरपाई पुन्हा विचारात घेतली आहे. अजून मिळालेली नाही.

सकाळची पाच मिनिटं आता माझ्याकडे आली आहेत.

गेल्या रविवारी मी महादेवीच्या खोलीवर गेले. तिनं डाव्या हातानं चहा केला, मला मदत करू दिली नाही. बराच वेळ आम्ही इकडचं तिकडचं बोललो. मग तिनं विचारलं, "त्या शेवटच्या दिवशी अण्णा बोलले तेव्हा तुम्ही होतात ना? नीट बोलले?"

"नाही. फार अडखळले."

"अण्णा?"

"हो. काय बोलतायत, ते निम्मं कळतच नव्हतं."

"चाक थांबवलं नव्हतं?"

"नाही."

"मग खरं बोलले," महादेवी म्हणाली. तिचा उजवा हात पदराखाली होता, तो तिनं आणखी आत ओढला. मग डाव्या हातानं कप माझ्याकडे सरकवला.

"घ्या, मॅडम," ती म्हणाली. "आरतोय."