बकुळने निवडलेली चाकं

झाशीजवळच्या बबिन्याच्या छावणीत कुणाची बदली झाली की सामान हलवायला बायका आधी बकुळला फोन लावतात. लष्करी संसार कसा उचलायचा हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. नवऱ्याच्या चोवीस वर्षांच्या नोकरीत तिने स्वतःचं बिऱ्हाड नऊ वेळा बांधलं आणि सोडलं होतं. काळ्या पत्र्याच्या पेट्या खाली, त्यांवर गाद्या, फ्रिज उभाच, आणि तुळस पुढे केबिनमध्ये पायाशी, हा तिचा नेम. सामान भरून झालं की ती स्वतः दोर आवळते, दोनदा ओढून बघते आणि मगच पिकअपमध्ये बसते. चालवायलाही तीच बसते.

खरं तर पिकअप घेतली होती श्रीकृष्णने, तिच्या नवऱ्याने. तो कोरेगावकडचा, पलटणीतून नाईक म्हणून निवृत्त झाला. शेवटची नेमणूक बबिन्याला होती आणि मुलगी अनुश्री झाशीत कॉलेजात होती, म्हणून दोघं इथेच राहिले. जुन्या गाड्या बघायला गेला तेव्हा एका पांढऱ्या पिकअपपाशी त्याचे पाय थांबले. तिला रुंद टायर होती, आरशासारखी चकाकणारी मिश्रधातूची चाकं होती, आणि गाडी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच होती. त्याने इंजिनही नीट ऐकलं नाही, लगेच सौदा केला. पण गाडी दारात आली आणि महिन्याभरात त्याच्या उजव्या डोळ्याचा पडदा सरकला. शस्त्रक्रिया झाली, तरी नजर पहिल्यासारखी आली नाही. डॉक्टर म्हणाले, गाडी चालवणं विसरा.

चार दिवस तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. पाचव्या दिवशी बकुळने खुंटीवरची किल्ली घेतली. "अहो, मी शिकते," ती म्हणाली. तेव्हा ती त्रेचाळीस वर्षांची होती. श्रीकृष्णला वाटलं, आठवडाभराचं खूळ आहे. वर्षाच्या आत बकुळ भरलेली गाडी उलटी घेऊन गल्लीत लावू लागली आणि तो डावीकडच्या सीटवर बसून "ये, ये, थांब" म्हणू लागला.

चाकांबद्दलची तिची कुरकुर तेव्हापासूनचीच. वळताना स्टिअरिंग पूर्ण फिरवलं की पुढचं टायर आत घासायचं. शिवाय रस्त्याकडेचे किलोमीटरचे दगड पन्नास झाले की गाडीचा आकडा अठ्ठेचाळीसच दाखवायचा. "आकडा खोटं बोलतो, नाहीतर चाकं," ती म्हणायची. श्रीकृष्ण म्हणायचा, "जुनी गाडी आहे, चालायचंच."

मार्चमध्ये एका निवृत्त सुभेदारांचं सामान समथरला पोचवायचं होतं. अर्धी वाट झाली आणि बकुळने एकदम गाडी कडेला घेतली.

"काय झालं?"

"मागनं डोलतेय."

ती उतरली, वाकून बघितलं. मागच्या डाव्या टायरच्या कडेला लिंबाएवढा फुगा आला होता.

"हळूहळू गेलो तर पोचू," श्रीकृष्ण म्हणाला.

"लोकांचा संसार आहे मागे. फुटलं तर?"

तिने जादा चाक काढलं. ते गाडीबरोबर कारखान्यातून आलेलं, साधं, काळ्या लोखंडी रिमचं. पहिल्या मालकाने बाकीची चारही बदलली होती, हे एवढं गाडीखाली लटकत राहिलं होतं. दोन्ही चाकं शेजारी उभी केली तर काळं चाक चकचकीत चाकाहून चांगलं दीड इंच बुटकं निघालं. श्रीकृष्ण ते मागे लावायला निघाला, तशी ती म्हणाली, "मागे नको. पुढचं काढून मागे लावू, हे पुढे."

"दुप्पट काम? या उन्हात?"

"इंजिनाचा जोर मागच्या दोन चाकांना जातो. एक लहान, एक मोठं झालं तर आतले दाते झिजतात. शिकवणारे मास्तर सांगायचे."

तो जॅक लावू लागला. तासभर दोघांनी घाम गाळला. मग तिने ताशी तीसच्या वर काटा जाऊ न देता गाडी समथरला नेली आणि तशीच परत आणली. सुभेदारांच्या कपाटाचा आरसासुद्धा तडकला नाही.

दुसऱ्या दिवशी दोघं झाशीच्या सीपरी बाजारात गेले. टायरवाला मुकेश ओळखीचा होता. तो म्हणाला, "भाभीजी, यही सोलह इंच वाला फिर से डलवा लो. गाड़ी की शान है." शेजारचा दुकानदार म्हणाला, याहून मोठं घ्या, खड्डे कळणार नाहीत. तिसरा म्हणाला, अरुंद घ्या, डिझेल वाचेल. तिघांनी तीन मापं सांगितली, आणि का ते एकानेही सांगितलं नाही.

बकुळने आपल्या गाडीचं डावीकडचं दार उघडलं. दाराच्या चौकटीला धुळीने माखलेली एक पट्टी होती. तिने पदराने पुसली. रिम पंधरा इंची, टायर कोणत्या मापाचं, हवा किती, सगळं तिथे लिहिलेलं. श्रीकृष्ण दोन वर्षं त्याच दारातून चढत-उतरत होता, त्याने ती पट्टी कधी पाहिली नव्हती.

"आज काही घ्यायचं नाही," ती म्हणाली. "आधी वजन करू."

मुकेशकडून तिने एका दिवसापुरतं एक जुनं टायर फुग्याच्या जागी चढवून घेतलं. त्या दिवशी कँटोन्मेंटमधलं एक घर झाशीतच हलवायचं होतं. सामान भरून ती थेट धर्मकाट्यावर, म्हणजे ट्रक तोलतात त्या वजनकाट्यावर, गेली. पूर्ण गाडी तोलून झाल्यावर तिने गाडी पुढे घेतली आणि फक्त मागची चाकं काट्यावर ठेवली. काटेवाला हसला, "ऐसे कौन तौलता है?" आकडा आला अठराशे चाळीस किलो. म्हणजे एकेका टायरवर नऊशे वीस.

संध्याकाळी ती पुन्हा मुकेशच्या दुकानात उभी राहिली. भिंतीवर एक तक्ता होता. टायरवर मापाच्या पुढे जो छोटा आकडा असतो, त्या आकड्याचं टायर किती वजन पेलतं हे त्यात दिलं होतं. तिच्या टायरवर शंभर लिहिलं होतं. तक्त्यात शंभरापुढे आठशे किलो.

"भैया, ये तो कार वाला टायर है," बकुळ म्हणाली. "हम इस पर एक सौ बीस किलो ज़्यादा लाद रहे थे."

मुकेशने चष्मा लावला, तक्ता पाहिला, टायर पाहिलं. "किसने डाले थे ये?"

याच चाकांवर भाळून श्रीकृष्ण गाडी घेऊन आला होता, गल्लीत चारजणांना दाखवली होती. आता बकुळ सांगेल, आणि सांगितलं तर चुकणारही नाही. तो जमिनीकडे बघत राहिला.

"पहले मालिक ने," बकुळ म्हणाली आणि पुढचं विचारू लागली.

खोटं नव्हतंच ते. पण दोन वर्षांत तिने एकदाही, भांडणातसुद्धा, "तुम्ही घेतली" असं म्हटलं नव्हतं, हे श्रीकृष्णच्या ध्यानात आलं ते त्या दुकानात.

पट्टीवरच्याच मापाचं, पण माल वाहण्यासाठी बनवलेलं, एकशेसहा आकड्याचं टायर तिने निवडलं. ते साडेनऊशे किलो पेलतं. मुकेश म्हणाला, त्याहून दणकट मोठ्या मापात मिळेल. बकुळने मान हलवली. मोठं घेतलं की पुन्हा आत घासणार, पुन्हा आकडा चुकणार. "तीस किलोंची सवड आहे. पेट्या मी केबिनकडे सरकवीन, मागचा भार कमी होईल." मात्र पंधरा इंची टायर त्या चकचकीत चाकांवर बसणार नव्हतं. लोखंडी रिम घ्याव्या लागणार होत्या.

तिने श्रीकृष्णकडे पाहिलं.

"काढून टाका ती," श्रीकृष्ण मुकेशला मराठीतच म्हणाला, मग सावरून, "उतार दो, भैया. सब उतार दो."

गाडी बोटभर बुटकी झाली. दिसायला आता बाजारातल्या इतर दहा पिकअपसारखीच. पण स्टिअरिंग टोकापर्यंत फिरवलं तरी आवाज नाही, आणि ग्वाल्हेरच्या रस्त्यावर पन्नास दगडांना पन्नासच किलोमीटर. बकुळने ते मोजून पाहिलं आणि लहान मुलीसारखी हसली. मुकेशकडे हल्ली कुणी पिकअपवाला आला की तो आधी विचारतो, पीछे का वज़न कितना है? माहीत नसेल तर त्याला काट्यावर पाठवतो.

जूनमध्ये एका हवालदाराचं घर नाशिकला न्यायचं काम आलं. एवढ्या लांबचं पहिलंच. तीन दिवस लागले. बकुळने दर शंभर किलोमीटरला उतरून चारही टायरना हात लावला, फार तापलंय का बघितलं. धुळ्याच्या अलीकडे चहाला थांबले तेव्हा टपरीवरच्या दोघांनी उत्तर प्रदेशची नंबर पाटी वाचली, ड्रायव्हरच्या दारातून उतरणारी बाई पाहिली, आणि श्रीकृष्णकडे वळून विचारलं, "दादा, गाडी तुमची का?"

"हिची," श्रीकृष्ण म्हणाला. "मी सोबत असतो."