नील पडल्यानंतरचा डाव

सुशांत जेवताना तोंडावर हात धरून बोलतो हे लक्षात आलं, तेव्हा मला वाटलं त्याची दाढ दुखत असेल. "ताई, आमटी," एवढंसुद्धा तो तळहाताच्या आडून म्हणाला. त्याची थोरली बहीण पद्मजा वाटी पुढे सरकवत म्हणाली, "इथे कोण तुझे ओठ वाचतंय? मी, की बाई?"

बाई म्हणजे मी. माझी मुलगी हर्षिता अमेरिकेत, मॉरिसव्हिलला, पद्मजाच्या भिंतीला भिंत लागून राहते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून पानगळीचे महिने मी तिच्याकडे काढते, आणि त्यातल्या बऱ्याचशा दुपारी पद्मजाकडे.

सुशांत ओशाळून हसला, हात खाली घेतला, आणि पुढच्याच वाक्याला हात पुन्हा वर गेला.

चाळिशी ओलांडलेला, अंगाने भरलेला, चालताना आवाज न करणारा माणूस. कुणाच्या घरात शिरला तर आधी चपला नीट जोडून ठेवणार, मग नमस्कार करणार. दोघं भावंडं इथेच, न्यू जर्सीतल्या पार्सिपनीत वाढली. मुलाने कॉम्प्युटरमध्ये राहावं ही वडिलांची इच्छा त्याने काही वर्षं पाळली, आणि मग नोकरी सोडून फुटबॉलच्या मागे गेला. इथला फुटबॉल, हेल्मेट घालून हाताने खेळायचा. त्याचं स्थळ बघायला आलेल्या एका काकूंनी विचारलं होतं, "मुलगा नक्की करतो काय?"

"चेंडू कुठे जाणार ते ठरवतो," पद्मजा म्हणाली.

"आणि जातो का तिथे?"

"कधीकधी."

ते स्थळ तिथेच राहिलं. पण त्याचं काम खरोखर तेच होतं. मॉरिसव्हिलहून तासाभरावर पाइनच्या झाडांमध्ये एक लहानसं कॉलेज आहे. त्या संघाने चढाई कशी करायची ते सुशांत सांगायचा. मैदानावरून नाही, प्रेक्षकांच्या मागे उंचावर काचेची खोली असते तिथून. कानाला हेडसेट. तो बोलणार, खाली कडेला उभा असलेला माणूस ते ऐकून खुणा करणार, आणि मैदानातला क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू हाती घेऊन डाव चालवणारा, त्या खुणा बघून डाव मांडणार. दर वेळी मूळ प्रश्न एकच. चेंडू साथीदाराच्या हाती देऊन त्याला पळवायचं, की स्वतः लांब फेकायचा? रन, की पास?

"अर्धे रन आणि अर्धे पास म्हणजे बॅलन्स नाही हं, बाई," तो मला समजावायचा. "समोरच्याला कळता कामा नये, म्हणजे बॅलन्स. त्याला वाटलं पाहिजे, आता काहीही होऊ शकतं."

आणि त्याचा क्वार्टरबॅक म्हणजे त्याचा भाचा, पद्मजाचा नील.

नील शाळेत असतानाच त्याचे वडील गेले. नंतर त्याला सायकल, ड्रायव्हिंग, दाढी करणं, सगळं मामानेच शिकवलं. चेंडू फेकणंही. मागच्या सीझनमध्ये नीलच्या डोक्याला मार बसला. काही आठवडे त्याला उजेड सहन होईना, आणि एकदा तर घरी येताना स्वतःची गल्ली ओळखू येईना. डॉक्टर म्हणाले, आता बरा आहे, खेळू शकतो. पण असा दुसरा मार बसला, तर खेळ सुटेलच, शिवाय डोकं पूर्वीसारखं होईल याची खात्री नाही. पद्मजा नको म्हणाली. नील एकवीस वर्षांचा. त्याने ऐकलं नाही, शेवटचं वर्ष आहे म्हणाला. मग पद्मजाने भावाला समोर बसवलं. "तो खेळणार असेल, तर त्याचं डोकं तुझ्याकडे दिलं मी. जसंच्या तसं परत पाहिजे."

सुशांतने फक्त मान हलवली होती.

आणि सीझन सुरू झाल्यावर ते विचित्र प्रकार घडायला लागले. डाव सुरू होण्याआधीच समोरचा एखादा खेळाडू दोन पावलं सरकायचा आणि चेंडू जिथे येणार तिथे जाऊन उभा राहायचा. घाई नाही, झेप नाही. थिएटरात माणूस आपल्या नंबरच्या खुर्चीकडे जातो तसा. मग सुशांतने पळवलेला मुलगा सरळ त्याच्या अंगावर जाऊन आदळायचा. दर वेळी असं नव्हतं, पण व्हायचं ते नेमकं अडचणीच्या वेळी. पुढच्या शनिवारी दुसरं कॉलेज, दुसऱ्या रंगाचे शर्ट, आणि तीच दोन पावलं.

"जसा काही तोच माणूस दर आठवड्याला शर्ट बदलून येतोय," सुशांत म्हणाला.

खुणा फुटल्या असतील म्हणून त्यांनी खुणा बदलल्या. खुणा करणाऱ्यापुढे चादर धरली. हेडसेट बदलले. काचेच्या खोलीत कुणी काही लपवलंय का तेही शोधून झालं. काही सापडलं नाही. आकडे बघावेत तर निम्मे रन, निम्मे पास, सुरेख समतोल. तेव्हापासून त्याचा हात तोंडावर गेला.

"बाई, मी बोलायच्या आधी त्याला कळतं," तो एकदा मला हळूच म्हणाला. "मी अजून मनातसुद्धा म्हटलेलं नसतं. काचेतून बघतो, तर तो आधीच निघालेला असतो."

हे त्याने अगदी साध्या आवाजात सांगितलं, म्हणून मला जास्त भीती वाटली.

ऑक्टोबरच्या एका शनिवारी मी पद्मजाबरोबर मॅचला गेले. धुकं इतकं होतं की समोरचे प्रेक्षक दिसत नव्हते, फक्त त्यांचा ढोल ऐकू येत होता. मैदानाचा पलीकडचा भाग नव्हताच. पांढऱ्यातून मुलं यायची आणि पांढऱ्यात जायची. पद्मजाने ब्लँकेट गुडघ्यांवर घेतलं, थालीपिठाची गुंडाळी माझ्या हातात दिली आणि डोळे मिटून घेतले. नील खेळत असताना ती मैदानाकडे बघत नाही. आवाज तेवढे ऐकते.

थोड्या वेळाने ती पुटपुटली, "रन."

रनच झाला. मला काही विशेष वाटलं नाही. पुढे बराच वेळ ती गप्प होती. मग पुन्हा, डोळे मिटलेलेच, "रन." धुक्यातून एक जण दोन पावलं सरकला, आणि आपला मुलगा त्याच्यावर जाऊन आदळला. तिसऱ्या खेपेला तिने म्हटलं, तेव्हा माझ्या हातातलं थालीपीठ तसंच राहिलं. तिकडे तो पावलं टाकत होता, इकडे ही बोलत होती, आणि दोघांच्या मध्ये एवढं मोठं धुकं.

"पद्मजा, तुला कसं कळतं गं?"

तिने डोळे उघडले. ओठ पांढरे पडले होते. "तुम्हाला ऐकू आलं?"

"तिन्ही वेळा."

"पहिल्या मॅचपासून होतंय, बाई. एकदम आतून येतं. मी म्हणते म्हणून तर होत नसेल ना हो?" तिने माझं मनगट धरलं. ती फार्मसिस्ट आहे, असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी नाही. "आणि एखाद्या दिवशी मला रन-पास सोडून दुसरंच काही कळलं तर?"

मी तिचा हात धरून बसले.

मॅच ते हरले. नील दोनदा जोरात आपटला होता, पण शुद्धीत होता, चालत बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपारी मामा-भाचे दोघंही जेवायला होते. नीलचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आला होता, ताट उचलताना तो दुसरा हात वापरत होता. मीच पद्मजाला म्हटलं, सांगून टाक. तिने भावाला सांगितलं. मला वाटलं तो हसेल. त्याने चमचा खाली ठेवला.

"माझ्यासमोर करशील?"

त्याने टीव्हीवर कालच्या मॅचचं रेकॉर्डिंग लावलं, आवाज मोठा केला आणि पद्मजाची खुर्ची भिंतीकडे फिरवली. ऑक्टोबरचं ऊन गालिच्यावर पडलं होतं, शेजारी कुणीतरी यंत्राने पानं उडवत होतं. एक डाव झाला, दोन झाले. पद्मजा गप्प. मग टीव्हीत धप्प असा आवाज आला, लोक "ओह" म्हणाले, आणि भिंतीकडे बघत ती म्हणाली, "रन."

रन.

सुशांतने पुढे ढकललं. पुन्हा तो आवाज. "रन." पुन्हा. "रन."

त्याने रेकॉर्डिंग थांबवलं. "ताई, तू काय ऐकतेस?"

"नीलच्या पडण्याचा आवाज. तो मला ओळखू येतो रे, कितीही जण पडू देत." ती भिंतीशीच बोलत होती. "आणि मग तू. तो पडला की तू त्याला लगेच चेंडू फेकायला लावणारच नाहीस. दुसऱ्याच्या हातात देऊन त्याला बाजूला करशील. लहानपणी मी झोपाळ्यावरून पडले, तर तू आठवडाभर मला झोपाळ्यावर बसू दिलं नव्हतंस."

बाहेरचं यंत्र थांबलं.

सुशांतने रेकॉर्डिंग मागे नेलं. आता तो चेंडू बघत नव्हता, नीलला बघत होता. मी त्याच्या मागे उभी होते, मलाही दिसलं. नीलने चेंडू फेकलेला आहे, चेंडू लांब गेलेला आहे, सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या आहेत. आणि समोरचा एक जण क्षणभर उशिरा, शिट्टी वाजेल न वाजेल अशा बेताने, नीलच्या अंगावर जातो. पास पूर्ण झाला तरी त्याला पर्वा नाही. नीलला पाडलं की उठून तो आपल्या माणसाकडे बघून मान हलवतो, आणि पुढच्या डावाआधी तो दुसरा माणूस दोन पावलं सरकून उभा राहतो.

"ते ह्याला पाडतात," सुशांत म्हणाला, "कारण पाडलं की मी रन देतो."

नील भाताचा घास चावत होता.

"आय नो," तो म्हणाला. "एव्हरीबडी नोज, मामा. तिकडे लाइनवर ते बोलतात पण. हिट द किड, गेट द रन."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"आय थॉट यू न्यू. मला वाटलं, तुला चालतंय."

सुशांतचा चेहरा मला बघवेना. हात तोंडाकडे गेला होता, पण या वेळी त्याच्या आड शब्द नव्हते.

मग हात खाली घेऊन तो म्हणाला, "ठीक आहे. यापुढे तू पडलास की पास."

"मग ते पण शिकतील." नीलने खांदा चोळला. "अँड दे विल कम फॉर मी अगेन. एकदा आपली गेम फिल्म बघितली की झालं."

"मग मिक्स करीन."

"तू मिक्स करतोस असं तुला आत्ताही वाटत होतंच ना रे?" पद्मजा म्हणाली. तिने खुर्ची अजून फिरवली नव्हती. "तू बघितलंस की तुझं ठरतं. तुलाही कळत नाही, इतक्या आधी ठरतं."

पुढच्या शनिवारी आकाश स्वच्छ होतं. स्टँडमधून मागे वळून पाहिलं तर काचेची खोली लख्ख दिसत होती. सगळे मैदानाकडे तोंड करून बसलेले, आणि त्यांच्यात एक पाठ. सुशांतने खुर्ची उलटी लावली होती, भिंतीकडे. त्याचा मदतनीस डॅरिल त्याच्याशेजारी बसून मैदान बघत होता. ठरलं होतं असं, की डॅरिलने फक्त कितवा प्रयत्न, किती यार्ड बाकी आणि चेंडू कुठे आहे तेवढं सांगायचं. कोण पडलं, कोण उठलं, लोक का ओरडले, काही सांगायचं नाही. लोकांचा आवाज येऊ नये म्हणून सुशांतने मोकळ्या कानात बोळा घातला होता.

हजारो माणसं एका दिशेला बघत असताना एकच माणूस उलटा बसलेला बघणं फार वाईट असतं. माझ्या मागच्या बाई त्याच्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "इज ही सिक?"

नील पहिल्यांदा पडला तो आवाज मलाही कळला. पद्मजाचे डोळे मिटलेले. "रन," ती म्हणाली.

समोरचा खेळाडू दोन पावलं सरकला. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला, त्याने सोडलेल्या रिकाम्या जागेत. तो तिथेच उभा राहिला, हात लोंबत, चुकीच्या घरात शिरल्यासारखा.

पद्मजाने डोळे उघडले. "चुकलं माझं?"

"चुकलं."

ती रडायला लागली, पण हसतही होती. त्यानंतर तिने डोळे मिटले नाहीत. नील पडला की कधी पास व्हायचा, कधी रन, कधी पुन्हा रन. समोरच्यांनी त्याला आणखी काही वेळा पाडून बघितलं. मग त्यांचा एक जण दुसऱ्याला काहीतरी ओरडला, आणि उशिराने येणारे धक्के कमी होत होत थांबले. काही मिळत नसेल तर तेवढी दौड कोण करणार!

शेवटच्या भागात मात्र नील पडला तो खरा, सरळ, नियमातला धक्का. तो उठेना. मैदान गप्प झालं. पद्मजा उभी राहिली. मी वर पाहिलं. सुशांतची पाठ तशीच, मान जरा खाली, पेन्सिल हातात. बाजूला डॅरिल काचेला हात लावून उभा होता आणि तोंड घट्ट मिटून होता. डॉक्टर धावत आले. नील गुडघ्यांवर बसला, मग उठला, बोटं मोजून दाखवली, आईच्या दिशेने हात केला. नियमाप्रमाणे एक डाव बाहेर थांबला आणि परत आला. पुढचा डाव पास होता. नीलने तो फेकला. पाठ हलली नव्हती.

जिंकले ते. लोक खाली उतरून निघून गेल्यावर सुशांत जिन्याने आला. नील लांब शॉवरकडे चालत जाताना दिसत होता, मित्राच्या खांद्यावर हात टाकून. सुशांत त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिला. चाल सरळ आहे का, डोकं सरळ आहे का, हे तो तपासत होता. मग बहिणीजवळ येऊन उभा राहिला.

"ताई, आज जोरात पडला होता का?"

पद्मजाने ब्लँकेटची घडी घातली. "डॉक्टरने बघितलंय. तो बरा आहे."

"म्हणजे पडला होता. कधी? शेवटी? त्यानंतर मी काय दिलं?"

"नाही सांगणार."

"ताई, प्लीज यार. मी तेव्हा काय करत होतो, ते तरी सांग."

तिने त्याच्या कानातला बोळा काढला. तो अजून तसाच होता. तिने तो मुठीत घेतला.

"सांगितलं तर पुढच्या शनिवारी तुला ते आठवेल," ती म्हणाली, "आणि मग त्यांनाही कळेल."

सुशांतने मान हलवली. आम्ही तिघं गाडीकडे निघालो, आणि वाटेत त्याने एकदाही मागे वळून मैदानाकडे पाहिलं नाही.