बरणीवरचा अंगठा

टिचकीकाकांचा स्वतःच्या सावलीवरही भरवसा नव्हता; ती कुणाच्या मागे चाललीय, हे ते मधूनमधून वळून बघत. घरी चहाचा कप हातात आला की आधी टिचकी, मग घोट. काकू म्हणत, "चहा खराच आहे. करणारीवर शंका असेल तर उठा आणि स्वतः करून प्या."

हाताने घडवलेल्या भांड्यांच्या दुकानात मात्र या टिचकीला मान होता. काका तिथले पारखी. भांडं उलटं करायचं, बुडावरचा शिक्का बघायचा, टिचकीचा आवाज ऐकायचा आणि शेवटी बोटांचे डाग शोधायचे. झिलईत, म्हणजे चकाकीच्या पातळ लेपात बुडवताना भांडं बुडाशी धरावं लागतं. बोटं टेकतात तिथे झिलई चढत नाही, कोरे डाग राहतात. "शिक्का कुणीही उठवेल हो, पकड कुठून आणणार?" असं काका ऐटीत विचारत.

सगळ्यात जास्त मागणी होती माशाच्या शिक्क्याला. तो शिक्का थोरल्या कुंभाराचा, आणि थोरले आता हयात नव्हते. त्यांची म्हणून एक बरणी काकांनी तरुणपणी भंगारातून हुडकली होती. तिच्या जोरावर ही नोकरी लागली. बरणी काचेच्या कपाटात असे. गिऱ्हाईक आलं की काका तिच्या डागावर आपला अंगठा टेकवत. "बघा, थोरल्यांचा अंगठा. अगदी माझ्याएवढा!" पुढे माशाचं प्रत्येक भांडं त्यांनी याच अंगठ्यावर जोखलं.

एक दिवस थोरल्यांची मुलगी टॉवेलात गुंडाळलेला वाडगा घेऊन आली. संग्रहालयाला तो थोरल्यांच्या नावाने ठेवायचा होता, पण काकांचा शब्द पडल्याशिवाय ते घेणार नव्हते.

काकांनी वाडगा उलटा केला आणि भुवई वर नेली. "बाई, तुमच्या बाबांचे हात मांजराएवढे होते का?"

"बाबांचे नाहीत ते डाग, माझे आहेत. झिलईने बाबांच्या हाताला फोड यायचे. आधी आई बुडवायची, नंतर मी."

"लावा बघू बोटं."

बोटं कुठली बसायला! "मी लहान होते तेव्हा," ती म्हणाली.

"वा! म्हणजे पुरावाच वयात आला."

ती गेली आणि दुसऱ्या दिवशी घरातली भांडी खोक्यात भरून घेऊन आली. कानतुटका कप, बटणांचा डबा झालेला गडू, चिरलेलं ताट. इतका गबाळा माल कुणी फसवायला आणत नाही, म्हणून तर काकांना जास्तच संशय आला. प्रत्येकाला टिचकी मारून त्यांनी ती डागांच्या मापाने ओळीत मांडली. डाग वाढत गेले होते. मधल्या एका वाटीपासून करंगळीचा डाग अचानक इतरांपासून फटकून बसला होता.

काकांनी मान वर करून बाईंचा हात पाहिला. करंगळी बाहेर वाकलेली.

"हे काय?"

"शाळेत असताना दारात चेमटली."

काकांनी शेवटचं भांडं तिच्या हातात दिलं. बोटं डागांवर चपखल बसली.

"थोरल्यांनी एकही स्वतः बुडवलं नाही?"

"एकही नाही."

"आणि आईचे हात?"

"माझ्याहून लहान."

काका कपाटाकडे बघायला तयार नव्हते. तेवढ्यात मालक गल्ल्यावरून ओरडले, "काका, वाडगा खरा की खोटा? एकदाचं सांगा!" खोटा म्हटलं असतं तर बरणीही शाबूत राहिली असती आणि काकाही. कुणाला कळणार होतं?

काकांनी वाडग्याला उगाच आणखी एक टिचकी मारली. "खरा," ते म्हणाले. "आणि बारीक डागांची म्हणून मी परत पाठवलेली भांडी ज्यांची असतील, त्यांना बोलावून घ्या."

बरणी आता कपाटात नसते, गल्ल्याशेजारी असते. गिऱ्हाईक आलं की काका अजूनही आपला अंगठा तिच्या डागावर टेकवतात.

"बसला? म्हणूनच खोटी."