उजवीकडची जागा

मंचावर चढले की ते आधी खांद्यावरच्या उपरण्याने स्वतःच्या उजवीकडची हातभर जागा झटकायचे. मग तबलजीला म्हणायचे, "साईं, जरा उधर सरको. दादा खड़ा रहेगा."

दादा कुणालाच दिसत नसे.

फाळणीनंतर कल्याणच्या कॅम्पात आलेले हे सिंधी गायक. त्यांचं गाणं दोघांचं: एकाने ओळ म्हणायची, दुसऱ्याने उत्तर द्यायचं. उत्तर देणारा थोरला भाऊ कराचीच्या बंदरावर "तू चढ, मी आलोच" म्हणून मागे राहिला, तो राहिलाच. आमच्या स्वातंत्र्योत्सवात हे एक ओळ गायचे आणि उत्तरापुरते गप्प उभे राहायचे. तबलजीही हात उचलून घ्यायचा. मग हे त्या जागेकडे बघून मान डोलवायचे, "वाह दादा!"

पहिल्या वर्षी लोक हसले. पुढच्या वर्षी हसले नाहीत. तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही हसला नसतात. कार्यक्रमाची वेळ सांभाळणं माझ्याकडे होतं. खाडीकाठचे कोळी नाचायला उतावीळ, मोहल्ल्यातले कव्वाल खोळंबलेले, गुजराती मंडळी दांडिया घेऊन उभी. पण त्या शांततेत "आटपा" म्हणायची माझी छाती होत नसे. खरं सांगतो, मला भीती वाटायची.

एका वर्षी आमच्या पोवाड्याची मंडळी विंगेत होती. पोवाड्यातला झीलकरी म्हणजे शाहिराची ओळ उचलून धरणारा गडी. त्याला ती शांतता सोसवेना. बिचारा चांगल्या मनाने पुढे झाला, नेमका त्या जागेवर उभा राहिला आणि खणखणीत झील दिली, "जी जी रं जी!" टाळ्यांचा कडकडाट झाला.

गायक पांढरेफटक पडले. उतरताना माझा हात धरून म्हणाले, "साईं, उसने जगह भरी हुई देखी. लौट गया."

त्यानंतर ते गायले नाहीत. पुढच्या उत्सवाआधीच वारले. फार लागलं मला ते.

त्या उत्सवात आम्ही त्यांची वेळ तशीच राखली. झीलकऱ्याने स्वतः मंच झाडला, दोन माणसांपुरता. तबलजीने एकट्याने त्यांचा ठेका धरला. ओळ संपते तिथे तो थांबेल म्हणून मी वाट पाहत होतो. तो थांबेना. घामाने निथळला तरी वाजवतच राहिला.

खाली आल्यावर झीलकरी त्याच्यावर डाफरला, "अरे, उत्तराला तरी हात उचलायचास!"

तबलजीने बाहीने घाम पुसला.

"कसा उचलू रे? उत्तर येत होतं."